जालिंदरचा जोड

९ मार्च १९८७

चि. जालिंदर यास,

जयभीम. खुशाली विचारत नाही. विचारून तू कळवणार आहेस थोडाच. तुझ्या मामाचं कार्ड आलं. पोरगं भोसरीला पोचलं, कंपनीत माल उचलायला लागलं, दोन वेळा जेवतं, बोलत नाही, एवढंच लिहिलंय. बोलत नाही हे सुंदररावांनी शाई घालवून कळवायची गरज नव्हती. तुझं न बोलणं आम्ही या घरात लहानपणापासून ऐकत आलोय.

हे पत्र मी तुझ्या आईच्या सांगण्यावरून लिहितोय. माझं तुझ्याकडे काही अडलेलं नाही.

आऱ्यावरचा गहिनीनाथ बीडच्या दवाखान्यातून घरी आला. हाताला बँडेज आहे. ओट्यावर बसून असतो, आल्यागेल्याशी बोलतो. हात बरा होतोय. त्याच्याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

आता एक विचारतो. आऱ्याची पट्टी तुटली, तिचा सुटलेला शेपटा गहिनीनाथच्या हातावर बसला, आपण दोघांनी त्याला उचलून संस्थेच्या टेम्पोत घातला. इथवर तू माणसासारखा वागलास. मग चेअरमन विठ्ठलराव लांबूनच म्हणाले, "पट्टीचा जोड उघडला आसंल." आणि तू सगळ्या माणसांदेखत म्हणालास, "जोड माझा व्हता." तुला कुणी विचारलं होतं? तुटलेली पट्टी तोवर कुणी हातात तरी घेतली होती? सकाळी उठून बघतो तर अंथरुणाची घडी, आणि तू पहिल्या गाडीनं गेलेला. तू पहिल्यांदाच एकट्यानं घातलेला जोड होता, मला ठाऊक आहे. पण तो माझ्या अंगठ्याखालून गेला होता. मी पास केला होता. मग मी कुठं पळालो?

संस्थेचं म्हणशील तर आरा मशीन आठ दिवसांत पुन्हा सुरू झालं. केजहून एक उसना माणूस आणलाय, तो लाकूड असं ढकलतो जसं कुणी अंगावर आलंय. नवी पट्टी घ्यायचं नाव नाही. दुष्काळ आहे म्हणतात. अरे, दुष्काळातच तर आरा जास्त चालतोय. दोन वर्षं पाऊस नाही, वाळलेली झाडं लोक रोज आणून टाकतात. ते कापत राहणार, आणि आपण घरामागच्या शेडमध्ये दोन मेलेल्या पट्ट्यांतून एक जिती काढत राहणार. घासून घासून पट्ट्या निम्म्या रुंदीच्या झाल्यात. त्यात टँकरचं पाणी पुरत नाही म्हणून विठ्ठलरावांनी पट्टीवर सोडायची पाण्याची धार बंद केली. कोरडं कापलं की पट्टी तापते, दातांच्या मुळाशी चिरा पडतात. मी आपला प्रत्येक चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडत बसतो, म्हणजे चीर पुढं सरकत नाही. माणसाला असं भोक पाडता आलं असतं तर तुला पाडलं असतं.

तू गेल्यापासून पट्टीचं दुसरं टोक तुझी आई धरते. कानस तुझ्यापेक्षा सरळ चालवते. घाई करत नाही.

जयंतीच्या आधी संस्थेची सभा आहे. तीत आपल्या घरचं पट्ट्यांचं काम काढून घ्यायचा विषय आहे. "कचरूच्या पोरानं गहिनीनाथचा हात घालवला," असं बाजारात बोलतात. मी ऐकून घेतो. ज्याचं नाव घेतात तोच इथं नसल्यावर मी तरी भांडू कुणाच्या जोरावर?

आई म्हणते, स्वेटर नेला नाहीस. तिथं आता उन्हाळा आहे हे मी तिला सांगितलं.

कचरू


२३ मार्च १९८७

चि. जालिंदर,

जयभीम. तुटलेली पट्टी मिळाली. विठ्ठलराव देत नव्हते. म्हणाले, सभेत दाखवायची हाय. मी म्हणालो, कोपऱ्यात गंज खातेय, सभेपर्यंत मी तेल लावून ठेवतो. तेल म्हटल्यावर दिली. संस्थेला फुकटचं तेल फार आवडतं.

ती अंगणात पसरली. तुझी आई एका टोकाला, मी एका. आधी जोड शोधला. तू पितळ जरा जास्तच घालतोस, त्यामुळे पिवळी रेघ लांबून दिसते. रेघ दिसली. आणि पट्टी जिथं तुटली ती जागा त्या रेघेपासून चांगली दोन हात लांब होती.

नीट वाच. दोनदा वाच. जोड तुटलेला नाही.

मी तेवढ्यावर थांबलो नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. जोडाचा तुकडा कापून घेतला आणि मोडायला बसलो. गुडघ्यावर वाकवला, उलटा वाकवला, शिकंज्यात धरून पिळला. पट्टी जोडाच्या अलीकडं वाकली, पलीकडं वाकली, जोड तसाच. शेवटी ऐरणीवर ठेवून घाव घातला. तुझी आई म्हणाली, "आता बास की. त्यानं काय केलंय तुमाला?" मग मी थांबलो. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, लिहून टाकतो, कारण तोंडावर मी कधी म्हणणार नाही.

तुटल्या जागी ओळीनं दात उडालेत, आणि जे उरलेत त्यांची टोकं चेपलीत. लाकडानं दात झिजतात, चेपत नाहीत. चेपतात ते लोखंड लागल्यावर. तसाच उठून आरा मशीनवर गेलो. तो ओंडका ट्रॉलीशेजारी तसाच पडलाय. आपल्या वस्तीतला लिंब, विहाराच्या दाराच्या चौकटीसाठी आपणच दिलेला. पट्टी जिथं अडकली होती तिथं पटाशीनं उकरलं. आत घोड्याच्या नालेचा खिळा. चपट्या अंगाचा, निम्मा कापलेला. भोवतीचं लाकूड काळं पडलेलं.

खिळा घेऊन गहिनीनाथकडे गेलो. त्यानं तो बराच वेळ हातात धरला. मी विचारलं, "तू तर प्रत्येक ओंडका साल काढून बघतो. डाग बघतो, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकून बघतो. हाच कसा सोडला?"

तो म्हणाला, "तुमच्या वस्तीचा लिंब. त्यात कावून बघू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तुझा आजा छप्पन साली नागपूरहून परत आला आणि दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन त्याच लिंबाला भिडला. त्याआधी कुणाला ताप आला, पोराला आकडी आली, की आजार झाडात बांधायचा म्हणून खिळा ठोकायचे. आज्यानं हाताला लागतील तेवढे सगळे उपसले. मी पोरगा होतो, डबा धरून खाली उभा होतो. तो म्हणाला, आजपासून या वस्तीतला आजार दवाखान्यात जाईल. तेव्हापासून आपल्या झाडात खिळा नाही हे चार गावांना ठाऊक. गहिनीनाथ सुताराचा, वरच्या आळीचा माणूस, पण त्या शब्दावर त्यानं ओंडका न बघता पट्टीखाली घातला.

आणि कुणीतरी येऊन त्यात खिळा मारला. बाहेरचंच कुणी. वरच्या आळीत अजून अमावस्या-पौर्णिमा चालते, आपलं झाड वाटेवर, कुणाला अडवणार? माझं डोकं फिरलंय. सभेत मी हा खिळा टेबलावर ठेवणार आणि विचारणार, की आमच्या झाडात तुमचं लोखंड आलं कसं. मग बघू कोण कुणाचं काम काढून घेतो.

घरी येऊन तुझ्या आईला खिळा दाखवला. तिनं बघितला आणि पाण्याला जाते म्हणून घागर घेऊन गेली. टँकरचा दिवस नव्हता.

तू आता यायला हरकत नाही. सभेला ये. तुझ्यादेखत सगळ्यांना सांगू.

तुझा बाप


३ एप्रिल १९८७

जालिंदर,

या पत्राचे दोन कागद मी फाडले. तिसरा फाडणार नाही, कारण पोस्टाचा माणूस आज नांदूरघाटला जाणार आहे आणि मला हे घरात ठेववत नाही.

मागच्या पत्रात सभेला ये म्हणालो होतो. आता कळत नाही काय लिहू.

परवा मी वस्तीतल्या चार जणांना अंगणात बोलावलं. खिळा दाखवला. पोरं भडकली. वरच्या आळीत जाऊन जाब विचारायचा असं ठरत होतं. तुझी आई चहा घेऊन आली, कप खाली ठेवले, आणि आत जाऊन मला हाक मारली. ती कधी अशी हाक मारत नाही. मी आत गेलो.

"त्या पोरास्नी घरी धाडा," ती म्हणाली. "खिळा म्या ठोकलाय."

मला वाटलं, भांडण नको म्हणून काहीतरी बोलते. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "दोन ठोकले व्हते. दुसरा वरच्या आंगाला आसंल, येक वीत सोडून. जावा, बघा."

मी बघायला गेलो. वीतभर सोडून पटाशी घातली आणि तो निघाला. तसाच चपटा, तसाच काळा. गहिनीनाथची पट्टी पहिल्यावर अडली नसती तर पुढच्या फळीला याच्यावर अडली असती.

तू आठ महिन्यांचा होतास. मी तेव्हा हैदराबादला लाकडाच्या अड्ड्यावर पट्टी जोडायचं काम शिकत होतो. हे तुला कौतुकानं अनेकदा सांगितलंय मी, की उपाशी राहून शिकलो वगैरे. इकडं काय चाललं होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तिच्या तोंडून ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

"तुमी हैद्राबादला व्हता. मामंजी कामावर गेलते. पोराला आकडीवर आकडी. निळं पडलं व्हतं. वस्तीत मानूस न्हाई. वरल्या आळीची केसरबाई वाटंनं चालली व्हती, तिनं बघितलं आन् पळत जाऊन घोड्याचे खिळे आनले. मनली, ठोक, वाट बघू नगं. म्या ठोकले. भर दुपारी. आन् तसंच पोरगं उचलून केजला चालत सुटले. मदी येक गाडी घावली. डागदरनं सुई दिली."

मी विचारलं, "मग त्याला बरं कशानं वाटलं? खिळ्यानं का सुईनं?"

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "म्या दोनी केलं."

ही बाई दर पौर्णिमेला विहारात पहिल्या ओळीत बसते. बावीस प्रतिज्ञा तिच्या पाठ, मी मधली एक विसरतो. आज्यानं खिळे उपसले ते दरवर्षी लहान पोरांना तीच सांगते. त्या झाडाखाली बसून सांगते.

मी तिच्याशी त्या दिवसापासून बोललेलो नाही. पट्टी धरायची वेळ आली की ती येते, दुसरं टोक धरते, काम झालं की जाते. घरात आता फक्त कानशीचा आवाज असतो.

त्याच दिवशी ती म्हणाली होती, सभेत खरं सांगा. मी म्हणालो, सांगणार नाही. जोड तुटला नाही एवढं दाखवीन, खिळा होता म्हणीन, कुणाचा ते कुणी विचारायचं नाही. सगळी वस्ती ज्या गोष्टीवर मान वर करून चालते ती माझ्या घरातून मोडली हे मी माझ्या तोंडानं सांगू? तुझ्या आज्याचं नाव घेऊन? आणि वरच्या आळीची माणसं समोर हसत बसलेली?

"तर पोरगं तिकडंच ऱ्हाऊ द्या?" ती म्हणाली. "खिळा कुनाचा त्ये न्हाई निघालं तर लोक म्हननार, बापानं पोराला वाचवायला बनवून आनला. मग तो येतो व्हय?"

मी चिडून शेडमध्ये गेलो.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी गहिनीनाथचा हात बरा होतोय असं लिहिलं. होतोय. पण डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. तू तिथं एकटा, म्हणून लिहिलं नव्हतं. कधीतरी कळणारच, तर माझ्याकडून कळावं. ती बोटं तुझ्या जोडानं गेली नाहीत. बाकी काही डोक्यात राहिलं नाही तरी एवढं राहू दे.

कचरू


१२ एप्रिल १९८७

चि. जालिंदर,

जयभीम. काल सभा झाली. तू आला नाहीस. आम्ही वाट बघितली असं काही नाही, पण तुझी आई दुपारच्या गाडीला फाट्यावर जाऊन आली.

सभा संस्थेच्या गोडाऊनमध्ये. गहिनीनाथ खुर्चीवर, हात मांडीवर झाकून. विठ्ठलरावांनी आपला विषय काढला. म्हणाले, "कचरूभाऊ, तुमच्याबद्दल आमचं कायबी म्हननं न्हाई. पन घरच्या शेडात जोडलेल्या पट्टीवर मानूस हुभा करायचा म्हंजी लई जोखीम."

मी पट्टी टेबलावर पसरली. तेल लावून पुसलेली. जोड दाखवला, तुटलेली जागा दाखवली, चेपलेले दात दाखवले. मिस्त्री मंडळी उठून आली. एकानं जोडावरून नख फिरवलं, दुसऱ्यानं फिरवलं. मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. त्यांना कळत होतं. पाण्याची धार कुणी बंद केली तेही एकानं हळूच विचारलं, त्यावर विठ्ठलरावांना खोकला आला.

मग ते म्हणाले, "बरं. जोड न्हाई तुटला, मान्य. खिळा व्हता म्हनता. मग खिळा कुनाचा? तुमच्या झाडात तर खिळा नसतोय."

झालं. आपली पोरं मागून ओरडली, "वरल्या आळीचा." वरच्या आळीची उठली. कुणीतरी कुणाची कॉलर धरली. मी हात वर करून उभा राहिलो. माझ्या मनात काय होतं ते तुला सांगतो. मनात काहीच ठरलेलं नव्हतं. आणि तोंडातून निघालं, "कुणीतरी..."

"कुनीतरी न्हाई," दारातून आवाज आला. "म्या."

बाया संस्थेच्या सभासद नाहीत, त्या बाहेर ओट्यावर बसतात. तुझी आई उंबऱ्यात उभी होती. डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिथूनच बोलली. आत आली नाही.

"खिळा म्या ठोकलाय. ह्या पोराच्याच पायी, त्यो तान्हा आसताना. दोन हायेत, दुसरा यांच्या खिशात हाय. गहिनीनाथभाऊची बोटं माज्यामुळं गेली. वस्तीनं न्हाई ठोकला, वरल्या आळीनं न्हाई ठोकला. मला काय बोलायचं ते बोला, म्या हितं हुभी हाय. पन माझं पोरगं दुसऱ्याचं नाव डोक्यावर घिऊन परमुलखात बसलंय. त्याला माघारी येऊ द्या."

कॉलर धरलेला हात सुटला. विठ्ठलरावांनी पाणी मागितलं. मग गहिनीनाथ म्हणाला, "बघायचं काम माझं व्हतं, वहिनी. म्या बघितलं न्हाई." एवढंच. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनंही मागितलं नाही. तो तसा गोड बोलणारा माणूस नव्हे.

जोडावरचा ठपका रद्द झाला. काम आपल्याकडंच राहिलं. पाण्याची धार पुन्हा सोडायचं ठरलं.

पण सगळं निस्तरलं असं समजू नकोस. रात्री वस्ती बसली. म्हातारे म्हणाले, विहाराच्या चौकटीला ते लाकूड नको. पोरं म्हणाली, खिळे काढले, आता लाकूड लाकूड आहे. आवाज चढले. एका म्हाताऱ्यानं तर तुझ्या आज्याचं नाव घेऊन तोंड फिरवलं. तुझी आई ऐकत होती. शेवटी तिला कुणीतरी विचारलं, चूक कबूल आहे का. ती म्हणाली, "कबूल हाय. आन् पोरगं तसं निळं पडलं तर फिरून काय करीन त्ये मला इचारू नगा." यावर बैठक उठली.

आज टँकर आला तेव्हा बाया तिच्याशी बोलल्या नाहीत. तिची घागर मागं सरकवत राहिल्या, ती शेवटी उरली. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी दोन घागरी घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. अख्ख्या रांगेत पुरुष मी एकटा. ती म्हणाली, "लोक हसतील." मी म्हणालो, हसू दे. सभेनंतर आम्ही बोललो ते हे पहिलं.

सभेत मी "कुणीतरी" म्हणालो, ते तू मामाला सांगू नकोस.

चौदा तारखेला तरी ये.

तुझा बाप


६ मे १९८७

चि. जालिंदर,

जयभीम. तुझं कार्ड पोचलं. चारच ओळी, पण अक्षर तुझं. आईनं ते माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की मला ते पाठ आहे. "जोड धड होता हे कळलं. पण गहिनीनाथकाकांची बोटं माझ्या आजारापायी गेली. आता तर त्यांना तोंड कसं दाखवू. इकडेच बरा आहे."

हे वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या. तुझ्या आईनं दिल्या नाहीत. ती नुसतीच म्हणाली, "एका जाग्यावरनं काढलं तर दुसरीकडं जाऊन बसलं." मग मीही शिव्या थांबवल्या. आठ महिन्यांचं पोर आजारी पडलं त्याचा दोष ते पोर डोक्यावर घेणार असेल तर बापानं कुठल्या पक्कडीनं काढायचा?

चौकट बसली. त्याच लिंबाची. जयंतीला नाही बसली, भांडणात उशीर झाला, मागच्या आठवड्यात बसली. दोन म्हातारे अजून मागच्या दारानं येतात. बायांपैकी निम्म्या तुझ्या आईशी बोलायला लागल्या, निम्म्या नाहीत. बदल म्हणजे एवढाच.

आज लिहायचं कारण वेगळं आहे.

सोमवारी गहिनीनाथनं पुन्हा कामावर यायचं ठरवलं. तीन बोटांनी ट्रॉली ढकलता येते का ते त्यानं घरी बाज ढकलून बघितलं म्हणे, त्याची बायको साखराबाई सांगत होती. त्याच्यासाठी म्हणून मी एक पट्टी मन लावून तयार केली. दोन जुन्यांतले धड भाग निवडले, टोकं तिरकी घासली, टाकणखार लावून पितळेचा डाक दिला. घासून इतकी सपाट केली की माझा मलाच जोड सापडेना. दात एक डावीकडं, एक उजवीकडं, मोजून वाकवले. अशी पट्टी मी कितीतरी वर्षांत केली नव्हती. तीन वेटोळी करून खांद्यावर टाकली आणि स्वतः घेऊन गेलो.

गहिनीनाथनं ती मशीनवर चढवली. चाक हातानं फिरवलं. जोड समोर आला तशी त्यानं त्यावर उजव्या हाताचा अंगठा ठेवला. मग बटणाकडं हात नेला आणि तो तिथंच राहिला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. केजचा उसना माणूस पुढं झाला, त्याला त्यानं मागं सारलं. पुन्हा हात नेला. पुन्हा तेच. त्यानं पट्टी उतरवली, वेटोळी केली आणि माझ्या हातात दिली.

"ही नगं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "काय कमी हाय तिच्यात?"

"कमी कायबी न्हाई. तुमचा जोड हाय, मला ठाव न्हाई का. पन भेव वाटतं, कचरूभाऊ. रोज ह्याच्यासमोर हुभं राहायचं. पट्टी तुटली त्या दिशी माझ्या डोळ्यादेखत एकच चीज धड ऱ्हायली, त्यो जोड. अंगाला खिळा लागला, दात उडाले, माझी बोटं गेली, आन् त्यो न्हाई सुटला. मला त्या हाताचा जोड पायजे. पोराला बोलवा."

मी सांगितलं, तो येत नाही. त्याला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

"मला हितं हुभं राहायची वाटत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "चार मानसात माझा हात बटनावर जाईना. त्याला म्हनावं, लाज दोघांनी मिळून सोसू. पट्टी त्यानं आपल्या हातानं आनून द्यायची. तवर म्या घरी हाय."

आणि तो खरंच घरी गेला. विठ्ठलरावांनी मागून हाका मारल्या, वळला नाही.

तेव्हा जालिंदर, असं आहे. आजवर माझी पट्टी कुणी परत केली नव्हती. निजामाच्या वेळच्या मिस्त्रीनं केली नाही, हैदराबादच्या मालकानं केली नाही. ती खांद्यावर टाकून मी भर बाजारातून परत आलो, लोक बघत होते. मला राग यायला हवा होता. तुझ्या आईला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, किती दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

केजच्या उसन्या माणसाची मुदत संपली, त्याला संस्थेनं कालच परत पाठवला. आरा मशीन बंद आहे. गहिनीनाथ ओट्यावर बसून आहे, आणि माझ्या हाताच्या पट्टीवर तो उभा राहणार नाही.

कचरू